कंट्रोलच्या दुकानातली दुभाषी

मुलांनो,

तुमच्या बाबाने माझा एक फोटो तुम्हाला दाखवला आणि त्यावरून तुमच्या घरी बरीच चर्चा झाली, असं माझ्या कानावर आलं. फोटोत मी डोक्याला रुमाल बांधून, हातात कापडी पिशवी धरून रेशनच्या रांगेत उभी आहे. धाकटीने विचारलं म्हणे, "आजीला पेन्शन पुरत नाही का?" आणि थोरल्याने लगेच पैसे पाठवायची तयारी दाखवली. थोरल्या, तुझं मन चांगलं आहे. पैसे पाठवू नकोस. पेन्शन वेळेवर येते आणि पुरून उरते. मी रांगेत का उभी होते ते मात्र नीट सांगायला हवं, नाहीतर हा गैरसमज आणखी चार घरांत जाईल. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपला अर्धा वेळ "आवाज येतोय का?" यातच जातो. म्हणून लिहिते आहे. जन्मभर इंग्रजी शिकवलं तरी हे मराठीतच लिहिते, कारण यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली तर त्यांची गंमतच निघून जाईल. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू द्या.

रेशनच्या दुकानाला आपल्या गावात कंट्रोल म्हणतात. माझी आईही कंट्रोलच म्हणायची. मोठ्या दुष्काळात ती तिथून लाल ज्वारी आणायची. त्या ज्वारीची भाकरी तव्यावर असेपर्यंत बरी दिसायची आणि ताटात आली की रबरासारखी ताणली जायची. माझे भाऊ ती खाताना तोंडं वाकडी करायचे. आई म्हणायची, "तोंड वाकडं करा, पण चावत राहा." पुढे कंट्रोलवर रॉकेल मिळायचं, सणाला साखर मिळायची. आता गहू आणि तांदूळ मिळतात, कधीमधी ज्वारीही येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण ते सगळ्यांना नाही. कार्डांचे रंग असतात: पिवळं, केशरी आणि पांढरं. माझं पांढरं आहे. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही. ते नुसतं कपाटात ठेवायचं. म्हणजे फोटोत मी ज्या रांगेत उभी आहे, त्या रांगेतून मला स्वतःला एक दाणाही मिळणार नव्हता.

मी तिथे दुभाषी म्हणून जाते.

आपल्या कुंपणापलीकडे जी शेजारीण राहते, ती तुम्हाला आठवत असेल. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा तिने तुम्हाला मळ्यात नेऊन मुळे उपटायला दिले होते. तिचा मळा म्हणजे विहिरीलगतचा छोटा तुकडा. वांगी, मेथी, मिरची, दिवस बरे असले तर फुलकोबी. आठवडी बाजाराच्या दिवशी ती टोपलं घेऊन जीपने चिखलीला जाते. घरी ती आणि तिचा नवरा, दोघंच. मुली सासरी. पूर्वी कंट्रोलचं धान्य नवराच आणायचा. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. आता तो बाजेवर बसून असतो, जीभ थोडी जड झाली आहे, पण टोमणे मारायला पुरते.

तो बसल्यावर कंट्रोलवर जायचं कोणी, हा प्रश्न आला. तुम्ही म्हणाल, तिनेच जायचं, त्यात काय? चिखलीच्या बाजारात ती व्यापाऱ्याशी भाव करताना ऐकलीत तर तुम्हालाही तसंच वाटेल. पण कंट्रोलचा दुकानदार तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ आहे, आणि वयाने मोठा. म्हणजे तिचा भासरा. आणि त्यांच्या घराण्यात बाई भासऱ्याशी बोलत नाही. त्याच्यासमोर पदर कपाळाच्या खाली येईपर्यंत ओढायचा, मान खाली घालायची, आणि शक्यतो समोर यायचंच नाही. भासऱ्यानेही तिच्याकडे पाहायचं नाही. तिच्या अंगणात यायचं तर आधी फाटकाशी खाकरायचं, म्हणजे तिला आत जायला वेळ मिळतो. ती लग्न होऊन आली तेव्हापासून हे चाललं आहे. आता दोघंही म्हातारी झाली. एकाच गावात, चार घरं सोडून राहतात आणि एकमेकांशी एक शब्द बोललेली नाहीत.

एका सकाळी ती कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"बाई, कंट्रोलवर चालता का मायासंग?"

"मी कशाला? माझं कार्ड पांढरं आहे."

"कार्ड मायंच हाय. तोंड तुमचं पायजे."

अशी मला ही नोकरी लागली.

दुकानात काय होतं ते ऐका. ती माझ्या मागे, पदर नाकापर्यंत ओढून, भिंतीकडे तोंड करून उभी. दुकानदार काट्याजवळ, नजर पारड्यावर. दोघांत अंतर हातभराचं. आणि मधे मी.

"बाई, त्यायले इचारा, या बारीले गहू कमी अन् तांदूळ जास्त काऊन?" ती भिंतीला सांगते.

दुकानदाराला हे स्पष्ट ऐकू जातं. तरी तो थांबतो. मी म्हणते, "भाऊ, ती विचारते आहे, गहू कमी का?"

"तिले सांगा, वरूनच तसा आला. मी काय गहू पेरतो का दुकानात?"

"वरूनच तसा आला म्हणतात."

"मंग वरच्यायले म्हणा, आमच्या इकडं पोळी खातेत."

पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. मराठीतून मराठीत भाषांतर करायला एम. ए. झालेली बाई लागते, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. पुढे मी सरावले. आता तर मी थोडं संपादनही करते. एकदा ती म्हणाली, "त्यायले म्हणा, तांदळात खडे हायत का खड्यात तांदूळ?" मी सांगितलं, "तांदूळ थोडा पाहून द्या." तो पारड्यावरची नजर न हलवता म्हणाला, "बाई, तुमी अर्धं गाळून राह्यल्या. मले ऐकू येते."

कंट्रोलची रांग मला आवडते, हेही सांगून टाकते. तुम्हाला माहीत आहे, मला शिस्त आवडते. इथे माणसांच्या आधी पिशव्यांची रांग लागते. सकाळी लवकर येऊन आपलं पोतं किंवा पिशवी ओट्यावर ओळीत ठेवायची, वर एक दगड, आणि आपण आपल्या कामाला जायचं. कोणी कोणाची पिशवी मागे सारत नाही. नंबर येईपर्यंत लोक सावलीत बसून जगाच्या गप्पा मारतात. तांदळाचं काय करायचं, हा विषय दर महिन्याला निघतो, कारण आपल्याकडे तांदूळ रोजच्या जेवणाचा नाही. कोणी इडल्या करतं, कोणी कोंबड्यांना घालतं. माझी शेजारीण त्याचे पापड करते. मागच्या वर्षी मी पाठवलेल्या डब्यातले पापड तुम्ही भांडून खाल्लेत ना? ते कंट्रोलच्या तांदळाचे होते.

तिथे वादही होतात. गावातले एक मोठे शेतकरी एकदा दुकानावरून जाताना थांबून मला म्हणाले, "मॅडम, हे फुकटचं धान्य आलं अन् मजूर आळशी झाले. सोयाबीनच्या सोंगणी-कापणीला माणूस भेटत नाही." त्यांना वाटलं, शिकलेली बाई आहे, हो म्हणेल. मी काही बोलायच्या आत सावलीतून एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, माणशी पाच किलो भेटते. तेवढ्यावर तुमी महिना काढून दाखवा, मंग मी तुमचं सोयाबीन फुकटात सोंगते." सगळे हसले. तेही हसले आणि गेले. माझं मत विचाराल, तर लाल ज्वारीची भाकरी चावलेल्या माणसाला पोटभर धान्याने आळस येतो, हे मला पटत नाही. पण तांदळाऐवजी दर महिन्याला ज्वारी द्या, असं मी सरकारला नक्की म्हणेन. माझ्या पांढऱ्या कार्डाला कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

आता फोटोच्या दिवसाकडे येते.

कंट्रोलवर धान्य घ्यायचं तर मशीनवर अंगठा लावावा लागतो. त्याला 'थम' म्हणतात. थम जुळला की मशीन पावती काढतं. शेजारणीचा थम म्हणजे लहरी पाहुणा. मिरच्या तोडून, वांग्याचे काटे टोचून, राखेने भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून गेल्या आहेत. दर महिन्याला चार वेळा पुसायचा, दाबायचा, मग कधीतरी लागायचा. तेवढ्यावर चाललं होतं. मग फतवा आला की कार्डावरच्या प्रत्येक माणसाने पुन्हा एकदा पक्की ओळख पटवायची. केवायसी. ज्याची पटणार नाही त्याचं नाव कार्डावरून कमी होणार. नाव गेलं की त्याच्या वाटचं धान्यही गेलं. घरात दोनच माणसं, म्हणजे तिचं नाव गेलं असतं तर अर्धं धान्य गेलं असतं. नवरा कमावत नाही, मळ्यावर भागतं न भागतं. अर्धं धान्य तिच्या घरात लहान गोष्ट नाही.

नवऱ्याची केवायसी सहज झाली. दुकानदार स्वतः फोन घेऊन घरी गेला. त्या फोनमध्ये चेहरा दाखवला आणि पापण्या मिटून उघडल्या की काम होतं. नवऱ्याने एवढ्या उत्साहाने पापण्या मिटल्या की त्याला थांबवावं लागलं. तिचंही त्याच वेळी झालं असतं. पण भासरा फाटकाशी खाकरला तशी ही बाई मागच्या दाराने मळ्यात निघून गेली आणि तो जाईपर्यंत वांग्यांत बसून राहिली. नवरा मला बाजेवरून सांगत होता, "बाई, सरकार दारात आलं होतं अन् ही वांग्यायले पाणी देत बसली!"

तिचं म्हणणं, थम लागेल. थम लागावा म्हणून मग गल्लीतल्या सगळ्या बायका कामाला लागल्या. एकीने सांगितलं साय चोळ. दुसरीने सांगितलं राखेला हात लावू नकोस. मी ग्लिसरीनची बाटली दिली. तिने सगळ्यांचंच ऐकलं, आणि निघताना वरून एरंडेलही लावलं. मशीनच्या काचेवर अंगठा ठेवला तो घसरला. तिच्यामागे आणखी दोघीही तोच उपाय करून आल्या होत्या. काच अशी माखली की कोणाचाच थम लागेना आणि रांग थांबली. दुकानदार शर्टाच्या टोकाने काच पुसता पुसता ओरडला, "बाई, तिले सांगा, मशीनले फोडणी द्याची नसते!"

काच पुसून पुन्हा लावला. नाही. दुसरा अंगठा. नाही. मग बोटं एकेक करून. मशीनने एकही ओळखलं नाही.

"बाई, आता फोनच," दुकानदार म्हणाला. "तारीख पाच बाऱ्या पुढं गेली, पण या बारीले जाणार नाही म्हणतेत. आज झालं तं झालं. तिले सांगा, पदर माथ्यामागं घे अन् फोनात पाह्य."

सांगायची गरज नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून गोठल्यासारखी उभी होती.

मी म्हटलं, मी फोन धरते. धरला. पण माझा हात आता थरथरतो, तुम्ही पाहिलंच आहे. पडद्यावर इंग्रजीत सूचना येत राहिली की फोन स्थिर धरा. मी ती वाचू शकत होते, पाळू शकत नव्हते. आणि खरं तर फोन कोणी धरायचा हा प्रश्नच नव्हता. दुकानदार तिथे उभा असताना तिचा पदर कानामागे जातच नव्हता. ती एक बोट सरकवायची आणि दोन बोटं पुढे ओढायची. त्याला बाहेर पाठवावं तर दुकानात पोती उघडी आणि बाहेर अर्धं गाव. फोन घेऊन घरी जावं तर त्या दिवशी रेंज फक्त ओट्याजवळच येत होती. रांगेतल्या बायकांना तर चेवच आला.

"अवं माय, भासऱ्यासमोर डोळे मिचकावाचे!"

"कर न वं, सरकारच म्हणून राह्यलं!"

"तुया नवऱ्याले मी सांगते, बुढी कंट्रोलवर डोळे मारून राह्यली!"

ती पिशवी उचलून सरळ बाहेर आली आणि ओट्याच्या पायरीवर बसली. "जाऊ द्या बाई. नाव गेलं तं गेलं."

मला राग आला. आमच्या वस्तीतून मला शाळेत पाठवताना माझ्या आईने सांगितलं होतं, मान वर करून चाल, कोणासमोर खाली घालू नको. डोक्यावरचा पदर तर तिने आम्हा मुलींकडून कधीच सोडवला होता. मी तिला तेच बोलले. म्हटलं, "एका कापडाच्या तुकड्यापायी अर्धं धान्य घालवतेस?"

तिने पदराआडून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या मायनं शिकवलं ते तुमी सोडलं का?"

"नाही."

"मंग मायी माय बी मायच होती का नाही?"

"होती. पण तिने तुला उपाशी राहायला शिकवलं नव्हतं."

ती पिशवीचे बंद ओढत बसली. मग हळू म्हणाली, "बाई, मीच एकटी पाळत नाही हे. त्यायनंही आजवर मान वर करून पायलं नाही मायाकडं. मायी सासू गेली तवा खांदा द्याले आले, तवाही खाकरून आले. मीच आधी मोडू काय?"

आम्ही पायरीवर होतो आणि दुकानदार आत काट्याजवळ. मी आधीच सांगितलं, अंतर हातभराचं असतं. त्याने सगळं ऐकलं. मग आतून आवाज आला.

"बाई, तिले सांगा, आत ये. मी पाठ फिरवतो."

आणि त्याने खरंच पाठ फिरवली. गव्हाच्या पोत्यावर भिंतीकडे तोंड करून बसला, फोन हातात घेतला आणि खांद्यावरून मागे धरला, पडदा तिच्याकडे करून. त्याचा हात दगडासारखा स्थिर. आयुष्यभर काटा धरलेला हात तो. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या मिशा, आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे पाहत बसलेला! रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

ती आत गेली. मी पडद्यावरच्या सूचना वाचायला तिच्या बाजूला उभी राहिले. तिने पदर मागे घेतला, पार कानांच्या मागे. दुकानात तिचं कपाळ मी पहिल्यांदाच उघडं पाहिलं. आणि पडद्यावरच्या गोलात स्वतःला पाहून ती सगळं विसरली.

"अवं बाई! केस एवढे पिकले माये?"

"हलू नकोस."

"अन् हा दात कुठं गेला?"

"बोलू नकोस! गोल लाल झाला बघ."

"त्यायले सांगा, फोन जरा वर धरा म्हणा."

मी सांगायच्या आधीच फोन वर गेला.

"आता पापण्या मिट. उघड. एवढ्या जोरात नाही. नेहमीसारख्या." तिने एकदा डोळे गच्च मिटले आणि उघडायचंच विसरली. मग हसायला लागली. मग मी हसायला लागले. पाठ फिरवलेल्या माणसाचे खांदेही हलायला लागले आणि फोन हलायला लागला. "बाई, तिले सांगा, हसाचं नाही," तो भिंतीला म्हणाला. "त्यायलेच सांगा," ती म्हणाली, "आधी तेच हसून राह्यले."

शेवटी सगळ्यांचं हसू आवरलं. तिने पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं का बाई?" भिंतीकडून प्रश्न.

"झालं."

"तिले सांगा, पदर घे. मंग मी फिरतो."

"घेतला म्हणा," ती म्हणाली.

"घेतला," मी म्हटलं.

तेव्हा तो फिरला, नजर खाली ठेवूनच, आणि गहू मोजायला लागला. त्या दिवशी पारडं जरा जास्तच खाली झुकलं असं मला वाटलं. मी त्याचं भाषांतर केलं नाही.

त्यानंतर लगेच, धान्य घेऊन आम्ही रांगेजवळून निघालो तेव्हा रांगेतल्या तुमच्या चुलतआत्याने मला थांबवून तो फोटो काढला, म्हणून त्यात मी रांगेतच उभी दिसते. नीट पाहिलात तर माझ्या मागे एक पदर दिसेल. त्याच्या आत ती हसते आहे.

मला तो पदर आजही पटत नाही, आणि हे मी तिला कुंपणावरून अधूनमधून सांगते. ती म्हणते, "तुमी सांगत राहा." तिचा नवरा आता दुकानदार घरी आला की विचारतो, "दादा, आज तोंड करून बसता का पाठ करून?"

तिचं नाव कार्डावर आहे. धान्य दोघांचं मिळतं. ती दोघं अजूनही एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दर महिन्याला त्यांच्या मधे मी उभी असते.

तुमची,
आजी